पायवाटेवरचं काळं शेवाळ

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जूनची अखेर. लाल पायवाट, दोन्ही अंगांना भातशेती.)

मृगाचा पाऊस लागून राहिला की इकडच्या पायवाटांवर हिरवट-काळे, लिबलिबीत गोळे फुगून वर येतात. पाय घसरला की माणूस एक शिवी हासडतो आणि पुढं जातो. उन्हाळ्यात हेच गोळे काळे पापुद्रे होऊन मातीला चिकटलेले असतात. मेलेले वाटतात, पण नसतात. वनस्पतिसंग्रहात ८७ वर्षं वाळून पडलेला नमुना पाणी मिळताच पुन्हा वाढीला लागल्याची नोंद आहे.

हा नॉस्टॉक, नॉस्टोकेसी कुळातला. आपण याला नील-हरित शेवाळ म्हणतो. खरं तर हे जिवाणू, उन्हावर स्वतःचं अन्न करणारे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली नॉस्टॉकचा धागा.)

गोळ्याचा चिमूटभर तुकडा काचपट्टीवर दाबला की आत नागमोडी माळा दिसतात. हिरवट मणी, एकाला एक लागून. मधेच एखादा मोठा, फिकट, जाड सालीचा. सगळी करामत त्याची. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण भाताला तो थेट घेता येत नाही. हा मणी तो पकडतो. पकडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि शेजारचे मणी तर दिवसभर ऑक्सिजनच सोडतात! म्हणून या मण्यानं ऑक्सिजन करणंच सोडलंय. साखर शेजाऱ्यांकडून घ्यायची, बदल्यात नायट्रोजन पुरवायचा. एकदा हे काम अंगावर घेतलं की त्याचं विभाजन मात्र कायमचं थांबतं.

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, रोप लावणी.)

याच कुळातला ॲनाबिना भाताच्या उभ्या पाण्यात वाढतो. खताविना भातजमिनीचा कस टिकतो कसा, याचं उत्तर शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ साली या नील-हरित शेवाळात दाखवलं.

पाण्यात युरिया भरपूर पडला की ते जाड सालीचे मणी तयारच होत नाहीत. आयतं मिळतंय तर राबतंय कोण? खानापूरची जांभ्याची माती आम्लधर्मी, तीही या कुळाला फारशी मानवत नाही. पाणी साचल्यावर आम्लपणा उतरतो, म्हणून निभावतं.

हे शेवाळ घरीही वाढवता येतं. उथळ वाफ्यात माती, पाणी, थोडं सुपर फॉस्फेट आणि विरजणापुरतं शेवाळ घालायचं. वर साय धरली की वाळवून पापुद्रे काढायचे. लावणीनंतर आठवड्यानं हेक्टरी १० किलो, उभ्या पाण्यात. जास्त पडलं तरी पीक बिघडत नाही. एका हंगामात मात्र भागत नाही. सलग तीन-चार हंगाम टाकावं लागतं.