आधी भिंत ठोकून बघा

मंडळी, सांगलीतल्या जुन्या वाड्यात, ओसरीलगतच्या दोन खोल्यांत तुम्ही चित्रदालन काढताय याचा मला मनापासून आनंद आहे. चित्रं टांगायला कोणतं सामान घ्यावं आणि हूक कुलपाचे हवेत का, हे तुम्ही विचारलंत. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली संग्रहालय उभारलं, ते चित्रं आणि वस्तू मांडण्यासाठीच. आपलं उलटं आहे. वाडा आधीचा, चित्रं नंतरची.

म्हणून टांगणीच्या सामानाचा कॅटलॉग उघडायच्या आधी मी भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. वरून सिमेंटचा गिलावा, आत पोकळ आवाज. कंबरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीनं आलेला खार, फुललेला. ड्रिल मारलं तर विटेच्या पुडीऐवजी पांढरी माती गळली. अशा भिंतीत स्क्रूसाठी ठोकायची गिट्टी बसते, पण धरत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका सभागृहात माझं जलरंगातलं चित्र भर दुपारी खाली आलं. दोरी शाबूत, खिळा सरळ. गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा खिळ्यासकट सुटला होता. फुटलेल्या काचेनं आकाशाच्या निळ्या रंगात तिरका चरा पाडला. तो अजून तसाच आहे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि ती भिंतीला नाही, वरच्या सागवानी तुळईला स्क्रूनं बसवा. बसवताना पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावाच. जुन्या घरात तुळईसुद्धा सरळ असेलच असं नाही. पट्टीतून तारा खाली सोडायच्या, तारेवर हूक वर-खाली सरकतो. चित्र बदललं तरी नवं भोक पडत नाही.

तार स्टीलचीच घ्या. नायलॉनची दोरी पांढऱ्या भिंतीवर कमी दिसते, हे खरं. पण ती वजनानं ताणते आणि सकाळी एका ओळीत लावलेली चित्रं कालांतराने खाली-वर दिसू लागतात.

वजनाचा अंदाज मात्र हातानं घेऊ नका. तीन मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेसात किलो भरते. म्हणजे दोन बाय तीन फुटांच्या फ्रेमला नुसती काचच चार किलोंच्या आसपास. त्याच जाडीचं ॲक्रिलिक निम्म्याहून कमी. मोठ्या चित्राला दोन तारा द्या, फ्रेमच्या दोन्ही कड्यांना एकेक. मागं एकच दोरी आडवी ताणून बांधण्याची आपली सवय सोडा. खिळ्यावर टांगल्यावर ती आडव्या रेषेशी तीस अंशांवर आली की दोरीच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या पूर्ण वजनाएवढा ताण येतो. त्याहून सपाट बांधली तर आणखी जास्त.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटिमीटरवर ठेवा. शाळेची मुलं येणार असतील त्या आठवड्यात हूक खाली घ्या, पोरांना टाचा उंचावायला लावू नका.

फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबराच्या गोट्या चिकटवा. पावसाळ्यात भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळायला हवी, नाहीतर मागच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते.

राहिला कुलपाच्या, म्हणजे अवजाराशिवाय न सुटणाऱ्या, हुकांचा प्रश्न. चोरीची भीती मी समजू शकतो. पण 2019 चा कृष्णेचा पूर आपण सगळ्यांनी पाहिलाय. अशा रात्री स्क्रूड्रायव्हर शोधत बसायची वेळ येऊ नये. साधे हूक घ्या आणि शेजारच्या दोन घरांतल्या माणसांना एकदा बोलावून चित्र कसं उतरवायचं ते दाखवून ठेवा.