ऐंशी टक्क्यांवर गन काढा

श्रोतेहो, नमस्कार.

इलेक्ट्रिक गाडी घेऊन पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या मनात एकच धाकधूक असते: बॅटरी मध्येच संपली तर? ही भीती रास्त आहे. पण तिच्यापोटी होतं काय, की माणूस फास्ट चार्जिंग स्टेशनवर पोचतो, गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा जोड, गाडीला लावतो आणि बॅटरीचा आकडा शंभरावर जाईपर्यंत तिथून हलत नाही. प्रवासातला सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. स्वतःचा जातो आणि मागे थांबलेल्याचाही जातो.

आधी फास्ट चार्जर करतो काय ते थोडक्यात. घरच्या प्लगमधून येते ती एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज, आणि बॅटरीला लागते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. घरी चार्ज करताना हे रूपांतर गाडीतलाच एक छोटा चार्जर करतो. त्याची ताकद साधारण 7 किंवा 11 किलोवॅट. फास्ट चार्जिंग स्टेशनवर हेच काम बाहेरचं मोठं कपाट करतं आणि तयार डीसी वीज थेट बॅटरीत सोडतं. म्हणून तिथे 50, 100, अगदी 350 किलोवॅटपर्यंतचे आकडे लिहिलेले दिसतात.

आता हे जरा जवळून पाहा. गन लावली की खट्‌कन लॉक बसतो. काही सेकंद नुसती शांतता. नवख्याला वाटतं, मशीन बिघडलं. तसं नसतं. त्या वेळात गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलत असतात: किती व्होल्ट हवेत, किती अँपिअर चालतील. वीज कुठे गळत नाही ना, याचीही तपासणी होते. मग गाडीच्या पोटातून कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा मोठा स्विच, बसल्याचा ठक् आवाज येतो आणि स्क्रीनवरचा आकडा वर चढू लागतो. 20, 60, 95 किलोवॅट. थोडा वेळ तो तिथे टिकतो. नंतर उतरायला लागतो. साठ टक्क्यांच्या आसपास 70, ऐंशीच्या जवळ 40, नव्वदीच्या पुढे 15 किंवा त्याहूनही कमी. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, पण उतार सगळ्यांना असतोच.

हा उतार का येतो? लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, तेव्हा बॅटरी चार्ज होते. बस रिकामी असताना प्रवासी भराभर चढतात, भरत आली की एकेका जागेसाठी शोधाशोध होते, तसंच हे आहे. त्यातून जोर लावलाच, तर लिथियम आत न जाता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून गाडीच चार्जरला सांगते की आता हळू. तेव्हा ऐंशीनंतर वेग पडला म्हणून चार्जरला दोष देऊ नका, तो गाडीचंच ऐकत असतो.

आता हिशोब करू. एक किलोवॅटने तासभर चार्ज केलं, की एक युनिट भरतं. 60 युनिटची बॅटरी धरा. दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत भरले 42 युनिट. महामार्गावर 100 किलोमीटरला 18 युनिट लागत असतील, तर हे झाले सुमारे 230 किलोमीटर. चांगल्या चार्जरवर याला अर्धा तास लागेल. ऐंशी ते शंभर म्हणजे 12 युनिट, जेमतेम 65 किलोमीटर, आणि त्यालाही बऱ्याच गाड्यांना जवळपास तेवढाच वेळ लागतो. तोच अर्धा तास पुढच्या स्टेशनवर, बॅटरी खाली उतरलेली असताना दिलात, तर पुन्हा 230 किलोमीटर मिळतील. म्हणूनच सांगतो, लांबच्या प्रवासात स्टेशनवर पोचताना बॅटरी दहा-पंधरा टक्क्यांवर असणं चांगलं. साठ टक्क्यांवर असताना "जाता जाता भरून घेऊ" म्हणून थांबलात, की चार्जर संथच चालणार.

याला अपवाद आहेच. पुढचं स्टेशन लांब असेल, किंवा वाटेत मोठा चढ असेल, तर जरूर जास्त भरा. दोन टनांची गाडी 1000 मीटर उंच चढवायला नुसत्या चढाईपोटीच साडेपाच युनिटच्या आसपास लागतात. उतरताना ब्रेक लावला की मोटरच वीज तयार करते आणि त्यातले बरेचसे परत मिळतात, पण बॅटरीत जागा असली तरच. काठोकाठ भरलेल्या बॅटरीने घाट उतरायला घेतला, तर ब्रेकमधून येणारी वीज ठेवायला जागा नसते.

वेगाचंही बोलायला हवं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 100 ऐवजी 120 ने गेलात, तर तो 44 टक्क्यांनी वाढतो. 240 किलोमीटरच्या टप्प्यात तुमची 24 मिनिटं वाचतात हे खरं. पण 100 किलोमीटरला 4 युनिट जास्त गेले, तर पुढच्या थांब्यावर साडेनऊ युनिट ज्यादा भरावे लागतात. वेगवान चार्जर असेल तर तुम्ही तरीही फायद्यात. 30 किलोवॅटचा असेल तर त्यातच 19 मिनिटं जातात, मग घाई केली कशासाठी? पुढे कोणता चार्जर आहे ते बघून वेग ठरवा.

आणि चार्जरवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 350 लिहिलंय म्हणून 350 मिळतीलच असं नाही. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. केबल 500 अँपिअर देणारी असेल, तर 400 व्होल्टच्या गाडीला जास्तीत जास्त 200 किलोवॅट मिळतील. 800 व्होल्टच्या गाड्या त्याच केबलमधून याहून कितीतरी जास्त घेऊ शकतात. ह्युंदाईची आयोनिक 5 अशी आहे, 350 किलोवॅटच्या चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के 18 मिनिटांत होते, असं कंपनी सांगते. पण शंभरेक किलोवॅटच घेऊ शकणारी साधी गाडी घेऊन तिथे थांबलात, तर जोडीला उभ्या असलेल्या 100-150 किलोवॅटच्या चार्जरवरही तोच वेळ लागेल. मग मोठा चार्जर ज्याला खरंच उपयोगी आहे त्याच्यासाठी मोकळा सोडा. शिवाय बऱ्याच ठिकाणी एकाच कपाटाला दोन गन असतात आणि ताकद दोघांत वाटली जाते. दुसरं कपाट रिकामं असेल, तर तिथे लावा.

थंडीत बॅटरी गार असते आणि चार्जिंग रखडतं. पुष्कळ गाड्यांना यावर उपाय दिलेला आहे: चार्जिंग स्टेशनचं ठिकाण गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये टाकलं, की पोचण्याआधी बॅटरी गरम करून ठेवली जाते. फोनवरच्या नकाशावर वाट बघत गेलात तर अनेकदा गाडीला हे कळतच नाही.

आता स्टेशन बंद निघालं तर? माझ्या मते भीतीचं खरं कारण हेच आहे, बॅटरी नव्हे. म्हणून एकाच गनच्या स्टेशनवर कधीही शेवटचा भरवसा ठेवू नका. चार-सहा गन असलेलं स्टेशन निवडा, आणि तिथून पुढचं दुसरं स्टेशन गाठता येईल एवढी बॅटरी शिल्लक असू द्या. ॲपमध्ये शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. ॲप, कार्ड, त्यातले पैसे हे सगळं निघण्याआधी घरीच तयार ठेवा, ऐनवेळी नेटवर्क नसतं. चार्जिंग सुरूच झालं नाही तर घाबरू नका. गन काढून पुन्हा लावा आणि पहिले काही सेकंद तिला हाताने आधार द्या, कारण जड केबलच्या ओढीने गन तिरकी होते आणि पिना नीट टेकत नाहीत. तरी झालं नाही तर दुसरी गन. थांबवायचं असेल तेव्हा स्क्रीनवरून किंवा ॲपवरून थांबवा. लाल इमर्जन्सी बटण खऱ्या संकटासाठी आहे, ते दाबून गेलात तर पुढच्या माणसाला स्टेशन बंद मिळू शकतं. गन अडकली तर गाडी अनलॉक करून बघा.

पावसाचंही विचारतात लोक. गन लागून तपासणी पूर्ण होईपर्यंत तिच्यात बॅटरीची वीज येतच नाही, त्यामुळे पावसात चार्ज करायला हरकत नाही. गन फुटलेली किंवा केबल सोललेली दिसली, तर मात्र हात लावू नका.

मुक्कामाच्या ठिकाणी साध्या प्लगची सोय असेल, तर आधीच विचारून ठेवा. 3 किलोवॅटने रात्रभरात, म्हणजे दहा तासांत, 30 युनिट भरतात. सकाळचा पहिला थांबाच वाचतो. शंभर टक्के करायचंच असेल तर ते इथे करा, इथे तुमच्यामागे कुणी रांगेत नसतं.

स्टेशनवर रांग असेल, तर ऐंशी झाल्यावर गन काढा, गाडी बाजूला घ्या, केबल गुंडाळून हुकावर अडकवा. जमिनीवर टाकलेल्या गनवरून चाक जातं आणि ती कायमची निकामी होते. आणि एखादी गन बंद दिसली, तर दोन मिनिटं काढून ॲपवर तशी नोंद करा. बारा टक्के बॅटरी घेऊन त्याच स्टेशनकडे निघालेल्या कुणाला तरी ती वेळेत दिसेल.

नमस्कार.