ट्यूबचा चोक: तांब्याचा की इलेक्ट्रॉनिक?

नमस्कार मंडळी, इंदूरहून! आजचा विषय ट्यूबलाइटचा बॅलास्ट, म्हणजे आपला चोक.

हा बघा, जुन्या फिटिंगमधून काढलाय. वजन बघा याचं! लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्यावर तांब्याची तार, बास. पण कामाचा पक्का. बटण दाबलं की स्टार्टरमधली धातूची बारीक पट्टी तापून चिकटते, ट्यूबच्या दोन्ही टोकांचे फिलामेंट लाल होतात, मग पट्टी गार होऊन सुटते आणि तेवढ्यात हा चोक व्होल्टेजचा असा झटका मारतो की ट्यूब पेटलीच. पेटल्यावर करंट वाढेल तसा ट्यूबचा रेझिस्टन्स कमी होत जातो, म्हणजे अजून करंट, अजून करंट... तो आवरायचा कोणी? चोकनेच. चोक काढून डायरेक्ट जोडायच्या भानगडीत पडलात तर ट्यूब गेलीच समजा.

आता हा हलका डबा, इलेक्ट्रॉनिक. 50 हर्ट्झचा सप्लाय हा 20 हजारच्या वर नेतो, म्हणून घूं घूं नाही, लुकलुक नाही, स्टार्टर नको. तांब्यावाला स्वतःच 10-12 वॅट खातो, हा त्यातले बरेच वाचवतो, आणि व्होल्टेज पडलं तरी बहुतेक वेळा ट्यूब लागते.

सांवेर रोडवर ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांनी जरा कान देऊन ऐका हं. तांब्याच्या चोकवर ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, आपल्याला कळत नाही, पण लेथचा चक नेमका त्या तालात फिरत असला तर तो चक्क थांबल्यासारखा दिसतो! हात घातला की संपलं. तिथे इलेक्ट्रॉनिकच लावा, नाहीतर शेजारच्या ट्यूबा वेगळ्या फेजवर घ्या.

मग तांब्याचा भंगारात? मी तरी नाही देणार. जिथे लाइन सारखी झटके मारते, किंवा पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, तिथे स्वस्त इलेक्ट्रॉनिक आधी मरतो, आतले कपॅसिटर वाळतात, हा मात्र वर्षानुवर्षं चालतो.

महाराणी रोडला घ्यायला गेलात तर चोकवर छापलेला वॅट आणि वायरिंगचं चित्र बघून घ्या. 36 आणि जुनी 40 एकाच तांब्याच्या चोकवर चालतात, पण 28 वॅटची बारीक टी-5 त्यावर लावू नका, तिला तिचाच इलेक्ट्रॉनिक लागतो.

आणि एलईडी ट्यूब बसवणार असाल तर चोक ठेवायचा की काढायचा हे तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, मेन बंद करून ते आधी वाचा, मग पेचकस उचला.