८८ डॉलरचा चेक

श्रोतेहो, नमस्कार.

आज अमेरिकेतल्या फौजदारी न्यायाबद्दल बोलायचं आहे. शिसपेन्सिलीने लिहिलेल्या एका अर्जापासून सुरुवात करतो. १९६२च्या जानेवारीत हा अर्ज फ्लोरिडातल्या तुरुंगातून निघून वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. लिहिणारा होता क्लॅरन्स अर्ल गिडियन. शिक्षण आठवीपर्यंत, वय पन्नाशीचं, आणि तुरुंगाच्या वाऱ्या आधीही झालेल्या. या वेळचा आरोप असा, की पनामा सिटी गावात पूल खेळायचा एक अड्डा फोडून त्याने तिथल्या मशीनमधली चिल्लर लांबवली.

खटला उभा राहिला तेव्हा गिडियनने न्यायाधीशांकडे वकील मागितला. ऐपत नाही म्हणाला, सरकारने द्यावा. न्यायाधीश म्हणाले, फाशीची शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा असेल तरच फ्लोरिडात सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यावर गिडियनचं उत्तर होतं, 'सर्वोच्च न्यायालय म्हणतं की मला वकील मिळायला हवा.' गंमत बघा, सर्वोच्च न्यायालय असं काही म्हणालंच नव्हतं. १९४२ सालचा त्यांचा निकाल बरोबर उलटा होता! मी स्वतः बरीच वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली. असं विधान मी केलं असतं तर समोरच्या वकिलाने मला तिथेच गारद केलं असतं. गिडियनने आपली बाजू आपणच मांडली, आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

पण त्या पेन्सिलच्या अर्जाची दखल घेतली गेली. न्यायालयाने त्याच्यासाठी वॉशिंग्टनमधला एक नामांकित वकील नेमला, एब फोर्टास. तेच पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. इकडे फ्लोरिडाने इतर राज्यांना पत्रं धाडली, की आमच्या बाजूने उभे राहा. दोन राज्यं आली. बावीस राज्यांनी उलट कळवलं, की गिडियनचं बरोबर आहे. १८ मार्च १९६३ला एकमताने निकाल लागला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपी गरीब असेल तर त्याला सरकारने वकील दिलाच पाहिजे. गिडियन दोन वर्षांपूर्वी चुकीचं बोलला होता, ते आता खरं झालं.

मला मात्र निकालापेक्षा त्यानंतर वकिलासह चाललेला गिडियनचा फेरखटला जास्त आवडतो. टॅक्सी ड्रायव्हरची साक्ष चालली होती. त्याने सांगितलं, की चोरीच्या पहाटे गिडियन आपल्याला म्हणाला, मला पाहिलंस हे कुणाला सांगू नकोस. झालं, ऐकणाऱ्याला वाटावं की संपलं सगळं. गिडियनच्या वकिलाने विचारलं, असं तो आधीही कधी म्हणाला होता का? ड्रायव्हर म्हणाला, हो, नेहमीच म्हणायचा, त्याचं बायकोशी पटत नव्हतं! एका प्रश्नात चोराची कबुली नवरा-बायकोचं भांडण होऊन बसली. असे प्रश्न आरोपीला सुचत नाहीत. त्याचा घसा कोरडा पडलेला असतो. पंचांनी, म्हणजे ज्युरीने, तासाभराच्या विचारविनिमयानंतर गिडियनला निर्दोष सोडलं.

अमेरिकी फौजदारी न्यायाचं खरं वैभव इथे दिसतं. गावातली सामान्य माणसं बसतात आणि सरकारला म्हणतात, सिद्ध करून दाखवा. त्यांनी निर्दोष म्हटलं की विषय संपला, सरकारला वर अपील नाही. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. १९५९मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. अमेरिकेत हे होऊच शकलं नसतं.

आता दुसरी बाजू. हे वैभव बघायला मिळतं किती जणांना? २०१२मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात आकडे दिले. केंद्रीय न्यायालयांमध्ये दोषी ठरणाऱ्यांपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांमध्ये ९४ टक्के लोक गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. ना पंच, ना साक्षीदार, ना उलटतपासणी. न्यायमूर्ती केनेडी यांनी स्वच्छच लिहिलं, की आजची व्यवस्था बहुतांशी खटल्यांची राहिलेली नाही, कबुल्यांची झाली आहे.

या कबुल्या पश्चात्तापातून येत नाहीत. त्या सौद्यातून येतात. तिकडे त्याला प्ली बार्गेनिंग म्हणतात, आणि २००६पासून ते आपल्या कायद्यातही आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं, आणि वापर नावालाच.

सौदा कसा होतो, ते केंटकी राज्यातल्या पॉल हेजच्या प्रकरणात दिसतं. हेजवर आरोप होता ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक वटवल्याचा. गुन्ह्याला शिक्षा दोन ते दहा वर्षं. सरकारी वकील म्हणाले, कबूल कर, पाच वर्षं मागतो. कोर्टाला खटल्याचा त्रास देणार असशील, तर सराईत गुन्हेगारांचा कायदा लावतो. हेजच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते, तेव्हा त्या कायद्याखाली जन्मठेप ठरलेली. हेज म्हणाला, खटला चालवा. सरकारी वकिलांनी शब्द पाळला. ८८ डॉलरच्या चेकपायी जन्मठेप झाली.

१९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे वैध ठरवलं. म्हणे, आरोपीला सौदा नाकारण्याचं स्वातंत्र्य होतं ना! तो निकाल मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्या 'स्वातंत्र्य' शब्दापाशी अडखळतो. पाच वर्षं आणि जन्मठेप यांच्यातला फरक ही खटला मागण्याची किंमत होती. जो हक्क वापरला की दंड बसतो, त्याला हक्क म्हणायचं का? आणि हा दंड किती बसवायचा, ते सरकारी वकील ठरवतो. बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील निवडणूक लढवून येतो, प्रचारात आपण किती जणांना आत टाकलं ते सांगतो. न्यायाधीश सौद्यावर शेवटी शिक्का मारतात.

या सौद्याला आणखी जोर येतो तो जामिनामुळे. जामीन अवाच्या सवा असू नये, असं अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत लिहिलेलं आहे. पण अवाच्या सवा म्हणजे किती? २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कलीफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पाठीवरची एक सॅक चोरल्याच्या संशयावरून पकडलं. जामीन तीन हजार डॉलर. घरच्यांकडे नव्हते. खटल्याविना तीन वर्षं तो रायकर्स आयलंडच्या तुरुंगात होता, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. तारखेमागून तारखा पडत होत्या. तारखा काय असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. शेवटी त्याला सांगण्यात आलं, किरकोळ गुन्हा कबूल कर, आजच घरी जा. तो म्हणाला, मी केलेलं नाही. पुन्हा कोठडीत गेला. २०१३मध्ये सरकारने आरोपच मागे घेतले. दोन वर्षांनी, बावीस वर्षांचा असताना, त्याने आत्महत्या केली. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३-१४ टक्के आहेत आणि शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांमध्ये साधारण एक तृतीयांश. कलीफची गोष्ट त्या हिशोबापासून वेगळी काढता येत नाही. इलिनॉय राज्याने २०२३मध्ये पैशाचा जामीन पूर्ण बंद केला, एवढं जाता जाता नोंदवतो.

आणि गिडियनने मिळवून दिलेला तो वकील? लुइझियाना राज्यात गरिबांच्या वकिलांचा बराचसा खर्च वाहतूक दंडाच्या पावत्यांमधून आणि कोर्टाच्या फीमधून भागवला जायचा. २००५मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर रिकामं झालं. गाड्या नाहीत, म्हणून दंड नाही. दंड नाही, म्हणून वकिलांना पगार नाही. त्यांना घरी पाठवावं लागलं, आणि त्यांचे अशील मात्र तुरुंगातच राहिले.

या सौद्याशी आपलाही एकदा संबंध आला. योगायोग असा, की गिडियनच्या निकालाची तारीख आणि ही तारीख एकच. १८ मार्च २०१० रोजी शिकागोच्या न्यायालयात डेव्हिड हेडलीने सगळे आरोप कबूल केले. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याआधी मुंबईत येऊन ताजसह सगळ्या जागांचं चित्रण करून नेणारा हाच माणूस. कबुलीच्या आणि माहितीच्या बदल्यात त्याला फाशी मागायची नाही आणि भारताच्या हवाली करायचं नाही, असं ठरलं. २०१३मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत १६६ माणसं मेली होती. हेजजवळ विकायला माहिती नव्हती. हेडलीजवळ होती.

तेव्हा आपल्याकडे संताप झाला, आणि तो रास्तच होता. पण डिसेंबर २०१५मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानेही हेडलीला माफीचा साक्षीदार केलं. कट उलगडायला त्याचं तोंड हवं होतं, म्हणून आपणही सौद्याला बसलो. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या त्या न्यायालयात व्हिडिओचा पडदा लावला. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम प्रश्न विचारत होते, आणि अमेरिकेतल्या एका खोलीत बसलेला हेडली, जिथून त्याला मुंबईत आणता येणार नव्हतं तिथून, एकेक उत्तर देत होता.

नमस्कार.