कंपनीने सांगितलं म्हणजे नक्की किती वाजता सांगितलं?

लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांच्या डिस्क्लोजरचे (महत्त्वाची माहिती जाहीर करण्याचे) नियम कसे बदलतायत, हा विषय ऐकूनच जांभई येते हे मला माहितेय, त्यामुळे मी आज नियम वाचून दाखवणार नाहीये. ते सगळे नेटवर आहेत, आणि वाचवत नाहीत. मी बोलणार आहे फक्त घड्याळाबद्दल. कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले बदल बघितले की लक्षात येतं, भांडण जेवढं काय सांगायचं याचं आहे तेवढंच कधीपर्यंत सांगायचं आणि ती वेळ कुठून मोजायची याचं आहे.

एक जुनी केस सांगतो. नोव्हेंबर १९६३, कॅनडात टिमिन्स गावाजवळ टेक्सस गल्फ सल्फर नावाची अमेरिकन कंपनी ड्रिल मारते आणि पहिल्याच भोकातून दगडाची जी लांब कांडी वर येते तिच्यात तांबं आणि जस्त इतकं की बघणारे चाट पडले. कंपनीने गप्प बसायचं ठरवलं, कारण आजूबाजूची जमीन अजून घ्यायची होती. यात तसं चूक काही नाही, आधीच बोभाटा केला असता तर जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले असते. पण त्याच दिवसांत आतल्या लोकांनी शेअर्स उचलले. मग एप्रिल १९६४ मधे कुजबुज वाढली तेव्हा १२ तारखेला कंपनीने पत्रक काढलं की पेपरवाले फारच वाढवून सांगतायत, आणि चारच दिवसांनी, १६ तारखेला, प्रचंड साठा सापडल्याची घोषणा!

माझा आवडता भाग पुढे आहे. १६ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास पत्रकारांसमोर निवेदन वाचलं गेलं. ते संपताच एका संचालकाने फोन गाठला आणि दहा वीसच्या आतच ब्रोकरला शेअर्स घ्यायला सांगितले. डाऊ जोन्सच्या टेपवर, म्हणजे ब्रोकर लोक जिथे बाजाराच्या बातम्या बघत तिथे, बातमी आली १० वाजून ५४ मिनिटांनी. त्या संचालकाचं म्हणणं, जाहीर तर झालंच होतं की. १९६८ मधे अपील कोर्ट म्हणालं, नाही, नुसतं वाचून दाखवलं म्हणजे जाहीर झालं असं नाही, बातमी लोकांपर्यंत पोचायला वेळ मिळाला पाहिजे. सगळा वाद त्या अर्ध्या-पाऊण तासाचा.

आता आपल्याकडे या. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या एलओडीआर या नियमावलीतल्या रेग्युलेशन ३० मधे २०२३ साली घड्याळंच बसवली. बोर्ड मीटिंगमधे निर्णय झाला तर ३० मिनिटं, कंपनीच्या आतून घडलेली गोष्ट असेल तर १२ तास, बाहेरून आलेली असेल तर २४ तास. महत्त्वाची गोष्ट कुठली हेही आकड्यात बांधलं, उलाढालीच्या २ टक्के, नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं त्याच्या) २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफा-तोट्याच्या ५ टक्के, यातलं जे सगळ्यात कमी ते. आता हे कागद वेळेत पाठवायची जबाबदारी असते त्या कंपनी सेक्रेटरीच्या जागी स्वतःला ठेवा. मीटिंग संध्याकाळी सहाला संपली, डायरेक्टर लोक उठून गप्पा मारतायत, कोणीतरी म्हणतंय पान चारवरचा तो आकडा परत बघा, सीएफओची, म्हणजे वित्तप्रमुखाची, सही राहिलीय, दोन्ही एक्स्चेंजच्या पोर्टलवर पीडीएफ चढवायचीय, आणि बाजार तर कधीच बंद झालाय, मग ही धावपळ कोणासाठी? हे पटलं म्हणूनच डिसेंबर २०२४ मधे दुरुस्ती आली, बाजार बंद झाल्यावर मीटिंग संपली तर ३ तास. मला विचाराल तर फार शहाणपणाचा बदल. घाईत टाकलेल्या चुकीच्या आकड्याने नुकसान जास्त होतं.

अमेरिकेत ८-के नावाचा फॉर्म आहे, मोठी घटना घडली की तो भरायला कामाचे चार दिवस. २०२३ मधे एसईसीने, म्हणजे तिथल्या सेबीने, त्यात सायबर हल्ला घातला, पण गंमत अशी की चार दिवस हल्ला कळल्यापासून मोजत नाहीत, तर हल्ला महत्त्वाचा आहे असं कंपनीने ठरवल्यापासून मोजतात. म्हणजे घड्याळाची चावी कंपनीच्याच हातात! उगाच वेळ काढायचा नाही असं नियमात लिहिलंय खरं, पण सर्व्हर बंद पडलेत, नक्की काय चोरीला गेलं ते कळत नाहीये, अशा वेळी उगाच कुठलं आणि रास्त कुठलं हे ठरवणारे वकील मजेत आहेत.

तिमाही रिझल्टचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९५५ पासून सहामाही आणि १९७० पासून तिमाही रिपोर्ट आला, ब्रिटनने २०१४ मधे तिमाहीची सक्ती काढली, तिथे काही आभाळ कोसळलं नाही.

शेवटी अफवा. २०२४ पासून आपल्याकडे आधी बाजारमूल्याने पहिल्या १०० आणि मग २५० कंपन्यांना हे लागू झालं, की ठळक माध्यमांत एखादी ठोस बातमी आली आणि त्यामुळे शेअरचा भाव बऱ्यापैकी हलला, तर २४ तासांत हो, नाही किंवा खुलासा द्यायचा. २०२३ च्या मूळ नियमात भाव हलण्याची अट नव्हती, कंपन्यांनी ओरड केली की आम्ही दिवसभर पेपरच वाचत बसायचं का, आणि त्यात तथ्य होतं. पण खरा पेच 'नाही' म्हणण्यात आहे. डीलची बोलणी चालू आहेत, सही झालेली नाही, भाव उसळलाय, आणि वकील म्हणतोय की असं काहीही नाही एवढंच लिहा. लिहिता येतं. मग चौथ्या दिवशी सही होते आणि तुमच्याकडे १२ एप्रिल आणि १६ एप्रिल असे दोन कागद तयार असतात, दोन्ही तुमच्याच लेटरहेडवर.