'भूक लागली' आणि लॅटिनचा परफेक्ट

मगाशी चहाच्या वेळी एकीने विचारलं, ताई, प्रेझेंट जमतो, इम्परफेक्टही जमतो, पण परफेक्ट, म्हणजे काम पुरं झालं हे सांगणारा भूतकाळ, आला की सगळं हातातून सुटतं, आमोवरून (प्रेम करते) आमावी (प्रेम केलं) कळतं पण फेरोवरून (वाहून नेते) तुली (वाहून नेलं) कुठून काढायचं? तर आज तेवढंच बोलूया.

मी लॅटिन इंग्रजी ग्रामरवरून शिकले. त्यात स्क्रिप्सीपुढे कायम दोन अर्थ दिलेले असायचे, 'मी लिहिलं' आणि 'मी लिहिलंय', आणि दर वाक्याला थांबून यातला नक्की कुठला हे ठरवत बसायचे, असं दोन वर्षं अडखळत वाचलं. मग एकदा डोक्यात आलं की अरे, ही अडचण लॅटिनची नाहीच, इंग्रजीची आहे! मराठीतून बघा ना. लिहिलं, लिहिलंय, लिहीत होतो, लिहायचो. पहिली दोन स्क्रिप्सीत जातात, शेवटची दोन स्क्रीबेबाममध्ये, म्हणजे इम्परफेक्टमध्ये. काम पुरं झालं म्हणून सांगताय की चालू होतं म्हणून सांगताय, रोमन माणसाला एवढंच ठरवायचं असायचं.

आणि एक गंमत बघा, आपण 'भूक लागली' म्हणतो तेव्हा भूक आत्ता आहे ना? रूप भूतकाळाचं, अवस्था आजची. लॅटिनमध्ये नोवी तसंच, रूप परफेक्टचं, अर्थ 'मला माहीत आहे', म्हणजे ओळख करून घेतली आणि आता ओळख आहे. मेमिनी म्हणजे आठवतंय, ओदी म्हणजे तिरस्कार वाटतो, या दोघांना तर प्रेझेंटची रूपंच नाहीत. इंग्रजीवाल्याला हे अपवाद म्हणून पाठ करावं लागतं, आपल्याला नाही.

प्रत्यय म्हणाल तर ई, इस्ती, इत, इमुस, इस्तिस, एरुंत, संपलं. कुठलंही क्रियापद घ्या, 'असणे'सुद्धा, हेच सहा. त्रास सगळा अंगाचा, म्हणजे प्रत्ययाआधीच्या भागाचा आहे, म्हणून डिक्शनरीत जी चार रूपं देतात त्यातलं तिसरं, परफेक्टचं, तोंडाने मोठ्याने म्हणूनच पाठ करा, नुसतं डोळ्याने वाचून राहत नाही. आमोचं आमावी, मोनेओचं (बजावणे) मोनुई, दीकोचं (बोलणे) दीक्सी, ही सवयीने येतात. वेनिओचं (येणे) वेनी, इथे स्वर लांबतो. मला खरी आवडतात ती कुर्रो कुकुर्री (धावणे), कानो केकिनी (गाणे), मोर्देओ मोमोर्दी (चावणे), पहिलं अक्षर दोनदा येणारी. शाळेत संस्कृत होतं त्यांनी आठवा, लिट् लकार, म्हणजे तिथला एक भूतकाळ, पपात (पडला), चकार (केलं), ददौ (दिलं). लॅटिन देदी म्हणजे 'दिलं', शेजारी ददौ ठेवा. तुंदो म्हणजे ठोकणे, त्याचं तुतुदी, आणि आपल्याकडे तुद् धातूचं तुतोद. धातू तोच, दुप्पट करायची रीत तीच. आणि वीदी, 'मी पाहिलं', याचा सख्खा भाऊ आहे संस्कृतातलं 'वेद', म्हणजे 'मला माहीत आहे'. पाहिलं म्हणून माहीत आहे.

आता फेरो आणि तुली. तुली दुसऱ्याच धातूचं आहे, उचलणे अर्थाच्या, जुन्या लॅटिनमध्ये तेतुली असंही सापडतं, आपली तराजूची तुला त्याच घराण्यातली. एकाचा वर्तमान आणि दुसऱ्याचा भूतकाळ जोडलाय, पण यात बिचकायचं काय, आपण 'जातो'चा भूतकाळ 'गेला' करतोच की, 'जाला' म्हणत नाही. सुम, 'मी आहे', आणि फुई, 'मी होते', यांचं तेच. सुम अस् धातूचं, फुई भूचं, आणि आपलं 'होता'ही भूचंच.

पॅसिव्हला तर मराठी माणसाने घाबरूच नये. एपिस्तुला स्क्रीप्ता एस्त, लिबेर स्क्रीप्तुस एस्त, कार्मेन स्क्रीप्तुम एस्त. चिठ्ठी लिहिली, ग्रंथ लिहिला, गाणं लिहिलं. लिंग वस्तूचं, लिहिणाऱ्याचं नाही. फक्त एस्त दिसलं म्हणून 'लिहिली जाते' करू नका, ते 'लिहिली आहे' किंवा 'लिहिली गेली'.

शेवटी एक लेख वाचूया. रोममधला, थडग्यावरचा, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून म्हणतो की सांगायचं थोडंच आहे, वाच. नोमिनारुंत, आईवडिलांनी नाव ठेवलं क्लाउदिया. हे मूळ नोमिनावेरुंत, मधला 'वे' गिळलाय, आपण 'लिहिलं आहे'चं 'लिहिलंय' करतो तसाच. नवऱ्यावर मनापासून प्रेम केलं, दीलेक्सित. दोन मुलगे झाले, क्रेआवित. शेवटची ओळ, दोमुम सेर्वावित, लानाम फेकित, घर सांभाळलं, लोकर कातली. मग दीक्सी, बोलून झालं, जा आता. एका बाईचं अख्खं आयुष्य परफेक्टमध्ये, आणि परफेक्टचे तीन प्रकार, आवीचा, क्सीचा आणि फेकितसारखा लांब स्वराचा, एकाच दगडावर.

पण मधली एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली. त्या दोन मुलांचं काय झालं ते त्यात आहे. एकाला जमिनीवर सोडून जाते, लिंक्वित, दुसऱ्याला जमिनीखाली ठेवते, लोकात. दोन्ही प्रेझेंट. नाव ठेवलं, प्रेम केलं, जन्म दिला, घर सांभाळलं, सगळं झालं म्हणून लिहिलंय, फक्त मुलांपाशी येऊन काळ बदलला. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते कितीतरी वेळ. एक मुलगा अजून मागे राहतोय, एकाला ती अजून मातीत ठेवतेय.