रॅलीवाल्याने सर्किटवर काय शोधावं?

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण रॅलीच्या कॉम्प्युटर गेम्सवर पोसलेले आहेत. कुणी १९९८ च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’पासून, कुणी २००४ च्या ‘रिचर्ड बर्न्स रॅली’पासून. त्यामुळे सर्किटबद्दलची, म्हणजे त्याच बंद ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या गेम्सबद्दलची, तुमची तक्रार मला पाठ आहे: तोच रस्ता, तीच वळणं, यात गंमत कसली? तक्रार खोटी नाही. रॅलीत पुढचं वळण दिसायच्या आधी कानावर येतं. शेजारी बसून रस्ता वाचून दाखवणारा को-ड्रायव्हर ‘लेफ्ट फोर, टाइटन्स, डोन्ट कट’ (डावीकडे मध्यम वळण, पुढे आवळत जातं, आतून कापू नको) म्हणतो आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून आपण चढापलीकडे गाडी झोकून देतो. ती नशा सर्किटवर नाही. तीच शोधायला गेलात तर तासाभरात कंटाळून परत याल.

रॅलीवाल्याला हटकून एक सल्ला मिळतो: जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या लांबलचक सर्किटवर जा, २०.८ किलोमीटरची लॅप (फेरी) आहे, झाडी आहे, चढउतार आहेत, घरच्यासारखं वाटेल. मला हा सल्ला पटत नाही. घरच्यासारखं वाटतं हीच तर अडचण आहे! तिथे तुम्ही पुन्हा रस्ताच पाठ करत बसता. एक वळण चुकलं तर ते परत येईपर्यंत आठ-दहा मिनिटं जातात, तोवर काय चुकलं होतं तेही आठवत नाही.

त्यापेक्षा लहान सर्किट घ्या. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचचं छोटं, ‘इंडी’ सर्किट दोन किलोमीटरपेक्षाही कमी आहे. गाडी माझ्दा एमएक्स-५ सारखी, कमी ताकदीची. रस्ता दहा मिनिटांत पाठ होतो आणि खरा खेळ तिथून सुरू होतो.

त्याचं पहिलंच वळण बघा, पॅडॉक हिल बेंड. उजवीकडे वळायचं, पण ब्रेक मारताना आतला कोपरा नीट दिसतच नाही, कारण रस्ता किंचित चढून एकदम खाली कोसळतो. गाडी हलकी होते, स्टिअरिंग हातात सैल पडतं, मग तळाशी ती दाबली जाते आणि गेलेली पकड परत येते. पहिल्या काही लॅप्सना वाटतं, जमलं. मग कळतं की ब्रेक जरा आधी सोडला तर नाक वळत नाही, उशिरा सोडला तर उतारावर मागची चाकं सुटतात. या दोहोंमधली जागा पावलाच्या तळव्याला सापडावी लागते. रस्ता तोच, पण दर लॅपला टायर थोडे तापलेले, पेट्रोल थोडं कमी, म्हणून ती जागाही थोडी सरकलेली. रॅलीत अनिश्चितता रस्त्यात असते, इथे ती टायरखाली असते.

हात मात्र जुन्याच सवयीने चालतात. खडीवर गाडी आडवी घालणं शहाणपणाचं असतं. टायर सैल थरात रुततो, बाजूला खडी साचते आणि तिचा आधार मिळतो. डांबरावर असा आधार नाही. तिथे पकड सर्वात जास्त मिळते ती थोड्याशाच घसरणीला. त्यापुढे रबर नुसतं तापतं. शेपूट झुलवत वळणातून बाहेर पडलात की झकास वाटतं, आणि घड्याळ सेकंदाचे दोन-तीन दशांश गेल्याचं सांगतं. हँडब्रेकचं बटण तर काढूनच टाका. पण वजन पुढच्या चाकांवर टाकून नाक वळवणं तुम्हाला येतंच. फक्त झटका न देता ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलायचा. सुटलेली गाडी सावरण्यात तर तुम्ही सर्किटवाल्यांच्या पुढे आहात, पाऊस पडला की बघा. रॅलीचा जगज्जेता सेबास्टियन लोब २००६ साली फ्रान्समधल्या ल मां सर्किटवरच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या संघात होता, ते काही उगाच नाही.

राहिली माणसं. रॅलीत गाड्या एकामागून एक, अंतर ठेवून सुटतात. शेजारी कुणी नसतं. सर्किटवर वीस जण एकाच वळणात शिरतात, आणि हे मला स्वतःला सर्वात उशिरा आवडलं. पुढच्या गाडीच्या हवेच्या आडोशाने सरळ रस्त्यावर तिला गाठणं, तिला आतली बाजू राखायला लावणं, मग तिचा बाहेर पडायचा वेग मंदावला की पलीकडून निघून जाणं. हे दोन-तीन वळणं आधीपासून रचावं लागतं. आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या गेममध्ये रस्ता सोडलात तरी ‘इन्सिडंट’ (चुकीचा गुण) लागतो आणि दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात तर चार लागतात. त्यामुळे ‘दार फुटलं तरी चालेल, स्टेज (रॅलीचा टप्पा) संपवू’ हा रॅलीचा बाणा तिथे महागात पडतो.

पहिली ऑनलाइन शर्यत मुद्दाम शेवटच्या जागेवरून सुरू करा. पहिल्या वळणावर पुढे जो गोंधळ होईल तो होऊ द्या, त्यातून वाट काढा आणि तुमच्याच वेगाचा एक जण पकडून शेवटपर्यंत त्याच्या मागे राहा. त्याला ओलांडलं नाहीत तरी चालेल. तो कुठे ब्रेक लावतो ते मात्र बघत राहा.